घरातली हवा सुधारायची तर आधी क्रम नीट लावा

घरात कुणाला तरी सारख्या शिंका येतात. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं. स्वयंपाक आटोपून दोन तास झाले तरी वास झोपायच्या खोलीत रेंगाळत असतो. अशा वेळी बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती एअर प्युरिफायरची. तो एका कोपऱ्यात लावला जातो, काही महिन्यांत त्याचा फिल्टर काळा पडतो आणि शिंका मात्र चालूच राहतात. यात यंत्राचा दोष नसतो, शेवटचं काम आधी केलेलं असतं.

प्युरिफायरचा मुख्य फिल्टर फक्त कण पकडतो. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड हे वायू आणि पाण्याची वाफ त्यातून आरपार जातात. म्हणून आधी जिवावरचा धोका दूर करायचा, मग प्रदूषण तयार होणं थांबवायचं, मग हवेला वाट द्यायची, ओल आणि धूळ आटोक्यात आणायची आणि हे सगळं करून जे उरेल तेवढं यंत्रावर सोपवायचं. पुढचे टप्पे याच क्रमाने लिहिले आहेत. मधला एखादा टप्पा तुमच्या घराला लागू नसेल तर सोडा, पण क्रम बदलू नका.

## तयारी: एक आठवडा फक्त नोंदी

या आठवड्यात काहीही विकत घेऊ नका, काहीही बदलू नका. एक वही, एक टॉर्च, टिश्यू पेपर आणि आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर एवढं पुरे. पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, मोजणारा मॉनिटर हाताशी असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

वहीत रोज चार गोष्टी लिहा: वेळ, खोली, त्या वेळी घरात काय चाललं होतं आणि कुणाला काय त्रास झाला. ‘रात्री खोकला’ एवढंच लिहू नका. ‘दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने खोकला, दार-खिडकी बंद, कॉइल चालू’ असं लिहा. सातव्या दिवशी वही उलगडली की निम्मी कारणं बहुतेक तिथेच सापडतात.

बाहेरून घरात शिराल तेव्हा दारातच थांबा आणि दीर्घ श्वास घ्या. नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि मग कुबट वासही जाणवेनासा होतो. पहिल्या दोन श्वासांत जे जाणवलं ते लगेच लिहून ठेवा.

हायग्रोमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि त्यात थेंब थेंब पाणी घाला. मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखं दिसायला हवं. हे झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत शेजारी ठेवा. मीठ यंत्राला लागू देऊ नका. आठ ते बारा तासांनी काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा. तो ७० दाखवत असेल तर यापुढच्या आकड्यांत पाच मिळवून वाचा.

तपासा: मॉनिटर असेल तर एकट्या आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. खिडकीबाहेर किती, आत किती, स्वयंपाकाआधी किती, नंतर किती? जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस पीएम २.५साठी २४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपर्यंत असावी अशी आहे. स्वयंपाक चालू असताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट आकडा दिसला म्हणून घाबरू नका. तो खाली यायला किती वेळ लागतो ते लिहा. धुकं असेल किंवा हवा फार दमट असेल तर हे सेन्सर पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतात. त्या दिवशीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

## टप्पा १: जिवाला धोका आहे का ते बघा

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गॅस, केरोसीन, लाकूड, कोळसा, पेट्रोल, जे काही अपुऱ्या हवेत जळतं त्यातून तो निघतो.

घरातल्या प्रत्येक ज्योतीपाशी जा. गॅसची ज्योत निळी आणि स्थिर हवी. ती पिवळी, नारिंगी असेल, भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल तर बर्नर साफ करून घ्या, जाणकाराला दाखवा. ज्योत निळी आहे म्हणजे धोका नाही, असं मात्र समजू नका. गॅस गिझरचा धूर पाइपने थेट घराबाहेर जायला हवा. धूर बाहेर न नेणारा गॅस गिझर बंद न्हाणीघरात वापरणं जिवावर बेतू शकतं. न्हाणीघराच्या दाराला खाली फट आहे, वर झरोका आहे, एवढ्यावर निभावेल असं धरून चालू नका. जनरेटर घरात, गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये कधीच चालवू नका. तो खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर लांब आणि उघड्यावर हवा. ऊब मिळावी म्हणून निखारे घेऊन बंद खोलीत झोपू नका.

झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. धुराचा अलार्म हे काम करत नाही, दोन्ही वेगळे आहेत. अलार्मच्या मागे त्याची मुदत लिहिलेली असते. त्यातला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो, मग बटण दाबल्यावर आवाज आला तरी तो वायू ओळखेलच असं नाही.

सावधान: घरातल्या सगळ्यांना एकदम डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू झाली आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ही अन्नाची बाधा समजून घरात पडून राहू नका. सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढा, बाहेरूनच मदत बोलवा, डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडची शंका स्पष्ट सांगा.

जमिनीला टेकलेल्या खोल्यांत किंवा तळघरात राहत असाल तर रेडॉनचीही चाचणी करा. जमिनीतून झिरपणारा हा किरणोत्सारी वायू मोजल्याशिवाय कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचं एकक) आहे. आकडा जास्त आला तर जमिनीतल्या भेगा बुजवणं आणि फरशीखालची हवा पाइपने बाहेर काढणं हे उपाय असतात. ते त्या विषयातल्या माणसाकडूनच करून घ्या.

## टप्पा २: विनाकारण जळणारं बंद करा

सिगारेट, डासांची कॉइल, अगरबत्ती, धूप, मेणबत्ती. वास कितीही वेगवेगळा असला तरी यांपैकी प्रत्येकातून बारीक कण निघतात.

सिगारेटबाबत मधला मार्ग नाही. खिडकीशी उभं राहून ओढली तरी धूर वाऱ्याबरोबर आत येतो, आणि पडदे, गाद्या, भिंती यांवर बसलेला थर पुढे कित्येक दिवस हवेत सुटत राहतो. घरात अजिबात नाही, एवढाच नियम चालतो. गाडीतही नाही.

कॉइलच्या जागी मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळ्या लावा. अगरबत्ती किंवा धूप लावायचाच असेल तर उघड्या खिडकीजवळ, थोडा वेळ लावा. ज्या खोलीत बाळ, म्हातारं माणूस किंवा दम्याचा रुग्ण झोपतो तिथे तो नको.

तपासा: आठवडाभर हे सगळं बंद ठेवा आणि वहीतल्या पहिल्या आठवड्याशी ताडून बघा. हा टप्पा फुकट आहे आणि अनेक घरांत सर्वाधिक फरक इथेच पडतो.

## टप्पा ३: स्वयंपाकघर

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण रोज, न चुकता, सगळ्यात जास्त प्रदूषण इथेच होतं. लाकूड, गोवऱ्या किंवा कोळशावर स्वयंपाक होत असेल तर बाकी टप्पे बाजूला ठेवा. गॅस किंवा विजेकडे वळणं हेच पहिलं काम. गॅसवर चूल-धुराएवढे कण निघत नाहीत, पण ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि त्याने दमा चाळवतो. इंडक्शनवर ज्योतच नसते. तरी तळण्या-भाजण्याचा धूर कोणत्याही शेगडीवर होतोच.

चिमणी असेल तर आधी एक शोध घ्या: तिची हवा जाते कुठे? पाइप भिंतीतून बाहेर गेलेला आहे की चिमणी तीच हवा गाळून परत स्वयंपाकघरात सोडते? दुसऱ्या प्रकारची चिमणी तेलाचा अंश अडवते, थोडा वास कमी करते. ज्योतीचे वायू आणि वाफ घरातच राहतात. पाइप असेल तर तो आखूड आणि सरळ हवा. दर वळणागणिक ओढ कमी होते.

आता टिश्यूचा तुकडा घ्या. चिमणी चालू करून तो जाळीखाली धरा. जाळीला चिकटून राहिला तर ओढ आहे. लगेच गळून पडला तर जाळी तेलाने तुंबली आहे किंवा पाइपात अडथळा आहे. टॉर्च मारून जाळी बघा. भोकांच्या कडांवर मधासारखा चिकट, पिवळट थर दिसेल. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण यात ती बुडवून ठेवा, ब्रशने घासा, पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

वापरण्याचा क्रम असा:

१. शेगडी पेटवण्याआधी एक-दोन मिनिटं चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन चालू करा.
२. शेगडीपासून लांबची एखादी खिडकी किंवा दार किलकिलं करा. हवा आत आली नाही तर पंखा बाहेर काय टाकणार?
३. जास्त धुराचं काम मागच्या बर्नरवर करा. चिमणीची पकड तिथे जास्त असते.
४. स्वयंपाकघराचं दार बाकी घराकडून लोटून घ्या.
५. गॅस बंद केल्यावर पंखा आणखी पंधरा मिनिटं चालू द्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते पाचवं. गॅस बंद केला की त्याच हाताने पंख्याचं बटणही बंद होतं आणि तरंगणारा धूर घरभर पसरतो.

दुसरी हमखास चूक खिडकीची. एक्झॉस्ट फॅनला लागून असलेली खिडकी उघडी ठेवली तर पंखा तिथूनच हवा घेतो आणि तिथूनच बाहेर टाकतो, खोलीतला धूर जागचा हलत नाही. ती खिडकी बंद करून समोरच्या बाजूची उघडा.

तेलातून धूर निघायला लागला की ते फार तापलं आहे, आच कमी करा. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका. २६० अंश सेल्सिअसच्या वर त्याचा लेप विघटित होऊ लागतो. त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात, इतका तो विषारी असतो.

सावधान: मोठ्या ताकदीची चिमणी बंद घरात चालली की आत हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे गिझरच्या किंवा शेगोटीच्या पाइपातला धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा घरात ओढला जाऊ शकतो. म्हणून वरची दुसरी पायरी कधीही गाळू नका.

## टप्पा ४: हवेला वाट द्या

एकच खिडकी दिवसभर अर्धवट उघडी ठेवण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघडल्या तर हवा लवकर बदलते. स्वयंपाकानंतर, झाडलोट झाल्यावर, आंघोळीनंतर आणि सकाळी उठल्याउठल्या हे करा.

बाहेरचीच हवा वाईट असेल तर? खिडक्या कायमच्या लावून घेणं हे उत्तर नाही. रहदारी कमी असते ती वेळ निवडा, रस्त्याकडची खिडकी बंद ठेवून मागची उघडा. बाहेर धूर किंवा धुळीचं वादळ असेल तेवढा काळ मात्र सगळं बंद, आणि त्या काळात घरात तळणं-भाजणंही बंद.

एसीबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. घरोघरी दिसणारा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. तो खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. दारं-खिडक्या लावून तिघं-चौघं रात्रभर झोपली तर सकाळी डोकं जड होणारच. झोपायच्या खोलीचं दार थोडं उघडं ठेवा किंवा झोपण्याआधी खोलीतली हवा पूर्ण बदलून घ्या.

तपासा: कार्बन डायऑक्साइड मॉनिटर मिळाला तर रात्री झोपायच्या खोलीत ठेवा. बाहेर साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतं. आत सतत १०००च्या वर राहत असेल तर माणसांच्या मानाने हवा कमी बदलते आहे. एनडीआयआर सेन्सरचाच, म्हणजे अवरक्त किरणांनी हा वायू थेट मोजणारा, मॉनिटर घ्या. काही स्वस्त यंत्रं हा वायू मोजतच नाहीत, इतर वायूंवरून अंदाज दाखवतात.

## टप्पा ५: ओल आणि बुरशी

घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर छान. ६०च्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते.

आमच्या घरी झोपायच्या खोलीत बरेच महिने कुबट वास यायचा. चादरी बदलल्या, गादी उन्हात घातली, काही फरक पडेना. शेवटी भिंतीला टेकलेलं कपाट दोघांनी मिळून ओढलं. मागे हातभर उंचीपर्यंत काळपट-हिरव्या ठिपक्यांची जाळी होती आणि कपाटाची प्लायवूडची पाठ बोट लावताच भुसभुशीत लागली. भिंत बाहेरच्या बाजूची, थंड. मागे हवा फिरायला जागा नाही. बाजूच्या न्हाणीघराचा नळ आतल्या आत झिरपत होता. भिंत वाळायला वेळ लागला, पण नळ दुरुस्त झाल्यावरच वाळली.

तेव्हा काम याच क्रमाने करा. पाणी कुठून येतं ते शोधा, ते थांबवा, मग वाळवा, मग साफ करा, आणि रंग अगदी शेवटी. बुरशीवर थेट रंग मारला तर ती काही काळ झाकली जाते आणि पापुद्र्यांसकट परत येते. काही सांडलं, गळलं तर २४ ते ४८ तासांत वाळवा, त्यानंतर बुरशी मूळ धरू लागते.

साफ करताना एन९५ मास्क, हातमोजे आणि डोळ्यांना बंद गॉगल घाला. खोलीचं आतलं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा. कोरडं खरवडू नका, बीजकण हवेत उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा आणि पूर्ण वाळवा. गादी, गालिचा, फुगलेलं प्लायवूड यांच्या आत गेलेली बुरशी निघत नाही, त्या वस्तू टाकून द्या. डाग चौरस मीटरहून मोठा असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे काम स्वतः करू नका.

पुढे ओल होऊ नये म्हणून बाहेरच्या भिंतीपासून कपाटं चार बोटं पुढे ठेवा, आंघोळीनंतर पंखा अर्धा तास चालू द्या, बंद खोलीत कपडे वाळत घालू नका.

## टप्पा ६: धूळ उडवायची नाही, उचलायची

उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतात ते मोठे कण. ते काही वेळाने खाली बसतात. पीएम २.५मधले कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन् तास खाली बसत नाहीत. कोरडा झाडू आणि फडक्याने झटकणं यामुळे बसलेली धूळ परत हवेत जाते.

वरून खाली या. पंख्याची पाती, कपाटाचा माथा, पडद्याची दांडी, खिडकीची चौकट आणि मग जमीन. ओलसर, घट्ट पिळलेलं कापड वापरा. व्हॅक्यूम क्लीनरला हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणारा, फिल्टर नसेल तर बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत येते. चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, धुळीतले किडे त्याने मरतात. चपला-बूट दाराशीच काढा. एसीची जाळी वापराच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा.

## टप्पा ७: वासाची रसायनं

रूम फ्रेशनर हवा साफ करत नाही, नाकाला फसवतो आणि वरून आणखी रसायनं सोडतो. स्वच्छ हवेला वास नसतो. फवाऱ्याऐवजी साफसफाईचं द्रव कापडावर घेऊन पुसा.

सावधान: ब्लीचमध्ये अमोनियाचा क्लीनर मिसळला की क्लोरामाइन वायू, आणि ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो. एकाने निघालं नाही म्हणून त्यावर दुसरं ओतणं ही चूक न्हाणीघरात वारंवार होते. मध्ये भरपूर पाणी ओता, दुसरं त्या दिवशी वापरूच नका.

एमडीएफ, प्लायवूड, पार्टिकल बोर्ड यांच्या फर्निचरमधून फॉर्मल्डिहाइड निघत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त निघतो. नवं कपाट आल्यावर खण-दारं उघडी ठेवून काही दिवस खोलीत हवा खेळू द्या, लगेच त्यात बाळाचे कपडे भरू नका. बोर्डाच्या उघड्या कडा पट्टीने बंद करून घ्या. रंगकाम झालेल्या खोलीत वास पूर्ण जाईपर्यंत झोपू नका. जुन्या घरातला रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

## टप्पा ८: आता प्युरिफायर

आधीचे टप्पे झाल्यावरही बाहेरची हवा वाईट असेल किंवा घरात दमा, ॲलर्जी असेल तर जरूर घ्या. जाहिरातीतलं क्षेत्रफळ बघू नका, सीएडीआर बघा, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि त्याला पाचने गुणा. ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर, म्हणजे ताशी १८० घनमीटरचा सीएडीआर. हा आकडा यंत्राच्या सर्वांत वेगवान गतीचा असतो. आवाज होतो म्हणून हळू चालवणार असाल तर मोठं यंत्र घ्या.

फिल्टर खरा हेपा हवा. ‘हेपासारखा’ असं लिहिलेलं घेऊ नका. ओझोन किंवा आयन सोडणारी यंत्रं टाळा. ओझोन फुप्फुसांना घातक आहे आणि लिंबू-पाइनच्या वासाच्या क्लीनरशी त्याची क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड तयार होतो. कुंड्यांच्या भरवशावरही राहू नका. २०१९मध्ये आधीच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा साध्या हवा खेळण्याची बरोबरी करायला चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असा हिशेब निघाला.

यंत्र भिंतीपासून हातभर लांब, झोपायच्या जागेजवळ ठेवा. दारं-खिडक्या लावून सलग चालवा. आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी फिल्टरवरचं प्लॅस्टिक काढलं आहे ना ते उघडून बघा. ते न काढताच महिनोन् महिने यंत्र चालवलेली घरं असतात.

## टप्पा ९: परत मोजा

महिन्याभराने पहिल्या आठवड्याची वही काढा आणि तेच सात दिवस पुन्हा लिहा. मॉनिटर असेल तर तोच पदार्थ, तीच शेगडी, तीच वेळ ठेवून स्वयंपाक करा आणि आकडा मूळ पातळीवर यायला किती मिनिटं लागतात ते मोजा. वेळ कमी झाली नसेल तर दुसरा प्युरिफायर आणू नका, तिसऱ्या टप्प्यावर परत जा. बहुधा पंखा लवकर बंद होतो आहे किंवा चुकीची खिडकी उघडी आहे.

सगळं करूनही धाप, रात्रीचा खोकला किंवा छातीतली घरघर राहिली तर डॉक्टरांकडे जाताना दोन्ही आठवड्यांची वही सोबत न्या. कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, काय चालू असताना त्रास होतो, हे त्यांना तपासणीत दिसत नाही. ते त्या पानांवर असतं.